अम्माला गर्भाशयमुखाच्या तपासणीला कसं न्यायचं? (विडी घरकुल, सोलापूर)

कुंभारीची_लेक

नमस्कार. मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठीतून झाली, म्हणून इथे मराठीतच विचारते.

माझी अम्मा ५२ वर्षांची आहे. लहानपणापासून विड्या वळते. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, पानं भिजवायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची आणि मांडीवर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत वळत बसायचं, हा तिचा दिवस. मिश्री दोन वेळा लावते, उठल्यावर आणि दुपारच्या जेवणानंतर. ती तव्यावर भाजायलाही तीच बसते, त्याचा ठसका गल्लीभर जातो.

मागच्या आठवड्यात आशाताई आल्या होत्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरला. तंबाखू खाता का, तोंडात चट्टा आहे का, अंगावरून जातं का, असं विचारलं. गुरुवारी आरोग्य मंदिरात बीपी-शुगरसोबत तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी फुकट आहे म्हणाल्या. अम्मा त्यांच्यासमोर हो म्हणाली आणि त्या गेल्यावर मला म्हणते, "पाळी जाऊन चार वर्षं झाली, आता तिथं काय बघायचं राहिलंय? आणि गुरुवारच्या हजार विड्या कोण देणार?" शेजारच्या मावशींनी त्यात भर घातली, की तपासायला गेलं की काहीतरी निघतंच, न गेलेली बाई सुखानं जगते.

तिला काहीही त्रास नाही. मग तपासणीचा खरंच उपयोग असतो का? दुखतं का? आणि माझी मुलगी १२ वर्षांची आहे, तिला या कॅन्सरची लस द्यावी का? कुणी अनुभवातून सांगितलं तर बरं होईल. डॉक्टरांसमोर बसलं की माझे निम्मे प्रश्न तोंडातच राहतात.

वैरागची_काकू

ताई, मी आरोग्य कार्यकर्ती म्हणून बार्शीच्या कॅन्सर प्रकल्पात गावोगाव फिरले आहे, आता निवृत्त आहे. "मला काय झालंय?" हे वाक्य मी बार्शी, भूम, परंड्याच्या वेशीवेशीवर ऐकलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, रागावू नका.

आधी उपयोगाचं. यासाठी तुम्हाला परदेशातला दाखला देण्याची गरज नाही, कारण साऱ्या जगाला तो दाखला आपल्याच भागातल्या बायकांनी दिलाय. बार्शीला १९८७ साली कॅन्सरच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली. शहरांत अशा नोंदी होत्या, पण खेड्यांसाठी देशातली ही पहिलीच. टाटा रुग्णालयाचा आधार होता आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात डॉ. नेने आणि त्यांची माणसं काम करत होती. खेड्यातला रुग्ण आपणहून दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंद करणाऱ्यानेच गावात जायचं, असं ठरलं. सरपंच, पोलीस पाटील, दाई, शिक्षक यांना भेटायचं, गावात कोण आजारी आहे, कोण कशाने गेलं ते विचारायचं. विचारता विचारता लोकांना लक्षणंही सांगायची. पाळीव्यतिरिक्त रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास येणारं पाणी जाणं, हे लपवू नका म्हणायचं.

त्या नोंदवहीत बायकांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात वर गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. तो आकडा कागदावर वाचणं वेगळं. एका घरी मी गेले तर बाईची खाट गोठ्याकडच्या पडवीत टाकलेली. घरच्यांनी निर्दयपणाने टाकलेली नव्हती, वास सहन होत नव्हता म्हणून तिनेच मागून घेतली होती. उशाशी कडुनिंबाचा पाला घातलेलं पाण्याचं तपेलं आणि जुन्या लुगड्याच्या घड्या. दीड वर्ष अंगावर काढलं होतं. थोरल्या जावेला माहीत होतं, नवऱ्याला नव्हतं. तुमच्या शेजारच्या मावशींना एवढंच सांगा, की न तपासता सुखानं जगलेल्या बायका मी पाहिल्यात तशा या बाईसारख्याही पाहिल्यात, आणि सुरुवातीला दोघींनाही काही त्रास नव्हता.

नुसतं गावात जाऊन बोलण्यानेही फरक पडला. बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात पोचायला लागल्या, हे १९९५ साली शास्त्रीय मासिकात छापून आलंय. तेव्हा यंत्र नव्हतं की शिबिर नव्हतं, फक्त बोलणं होतं.

मग १९९९ मध्ये मोठं काम सुरू झालं, ते धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका. काही गटांत एचपीव्ही विषाणूची (यानेच हा कॅन्सर होतो) तपासणी एकदाच, काहींत पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं), काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायची तपासणी (तिला व्हीआयए म्हणतात, तुमच्या गुरुवारी बहुधा हीच असेल), आणि चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षं पाठपुरावा झाला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायका आणि ६४ मृत्यू. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढे अनेक देशांनी आपली धोरणं ठरवताना याचा आधार घेतला.

चौथ्या गटाबद्दल पुढे बराच वाद झाला. त्या बायकांना माहिती दिली, पण तपासणी दिली नाही, हे योग्य होतं का? हा वाद व्हायलाच हवा होता असं माझं मत आहे. त्या ६४ जणी फक्त तुलनेपुरत्या नव्हत्या, कुणाच्या तरी आई होत्या. त्यांच्यामुळे कळलेली गोष्ट असताना कुंभारीतली बाई आज तपासणीवाचून राहावी, हे मला सहन होत नाही.

आता दुखतं का. नाही, अवघडल्यासारखं होतं. पाठीवर झोपायचं, पाय दुमडायचे, सिस्टर आत एक साधन घालून गर्भाशयाचं तोंड बघतात, व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड कापसाने लावतात आणि मिनिटभर थांबतात. पांढरा चट्टा उमटला तर पुढे पाठवतात. थोडं चुरचुरतं. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. आम्ही गावात शाळेच्या खोलीत लुगड्याचा पडदा बांधून हे करायचो, बायका खुरपणीवरून थेट यायच्या.

आणि चट्टा निघाला म्हणजे कॅन्सर नव्हे. हे अम्मांना तेलुगूत नीट सांगा, कारण बायका इथेच घाबरतात. आमच्या गावांत व्हीआयएमध्ये शंभरातल्या साधारण १४ जणींना पुढे बोलवावं लागलं होतं. त्यांतल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. काहींना कॅन्सरच्या आधीची अवस्था होती, ती तिथल्या तिथे गोठवून किंवा भाजून काढता येते, गर्भाशय काढायची गरज नसते. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा १५-२० वर्षं जातात. एवढी सवड देणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

शेवटी अम्मांना न्यायचं कसं. तुम्ही तुमचं वय लिहिलं नाहीत. मुलगी १२ वर्षांची, म्हणजे तुमचीही तिशी झाली असणार. मग आशाताईंच्या यादीत तुमचंही नाव आहे! आधी तुम्ही टेबलावर झोपा, अम्मांना बाहेर बसवा. लेक पाच मिनिटांत पदर सावरत बाहेर आली की आया आपणहून उठतात. माझ्या सगळ्या वर्षांत याहून चांगला उपाय मला सापडला नाही.

अक्कलकोट_रोड

काकूंनी बायकांचं सांगितलं, मी तोंडाचं सांगतो, कारण ताईंनी मिश्री लिहिलंय आणि त्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

माझे वडील यंत्रमागावर होते. चुना लावलेली तंबाखू डाव्या गालात कायम. त्याच गालात पांढरा चट्टा आला, मग त्याच्या मधोमध लाल झालं, मग तिखट लागेना. जवळच्या एका डॉक्टरांनी तोंड आल्याची जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, आणि त्या संपल्या की पुन्हा त्याच. कुणी गालाला बोट लावून बघितलं नाही. तुकडा काढून तपासला तोवर मानेत गाठ आली होती. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, वडील आज आहेत, पण भाकरी कुस्करून दुधात भिजवून खातात. ज्वारीच्या कडक भाकरीवर वाढलेला माणूस तो.

त्यामुळे गुरुवारी तोंड नीट बघतात की नुसतं "आ करा" म्हणून सोडतात, यावर लक्ष ठेवा. ओठ उलटा करून, दोन्ही गाल आतून, जीभ वर करून खाली, जिभेच्या कडा, सगळं टॉर्चने बघायला हवं. मिश्री जिथे घासतात तिथल्या हिरड्यासुद्धा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणं, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न मावणं, यातलं काहीही असेल तर जेल लावत बसू नका. केरळात तिरुवनंतपुरमला असं नुसतं डोळ्यांनी तोंड तपासण्याचा मोठा अभ्यास झालाय. तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले, २००५ साली छापून आलंय. खर्च काय तर एक टॉर्च आणि शिकवलेला माणूस.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री घराघरात तव्यावर भाजली जाते, तिच्यावर बंदी कोण घालणार? ती घरातल्यांनीच सोडवायला हवी.

कुंभारीची_लेक

काकू, हो, मी ३३ वर्षांची आहे. माझं नाव यादीत आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादा, तुमच्या वडिलांचं वाचून अम्माला लगेच तोंड उघडायला लावलं. तीन बोटं जातात. खालच्या हिरडीपाशी आत थोडं पांढरट दिसलं, मिश्री आहे की चट्टा ते कळलं नाही, चूळ भरूनही गेलं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. अम्मा पाळी गेल्याचंच धरून बसलीय, त्याला काय उत्तर देऊ? आणि लसीचं कुणी सांगेल का?

स्त्रीरोग_सोलापूर

मी इथे शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. थोडक्यात लिहिते.

पाळी गेली म्हणजे धोका गेला असं नाही. हा आजार पन्नाशीच्या पुढेही होतो, सरकारी तपासणीही ३० ते ६५ वयासाठी आहे. मात्र एक खरं, पाळी गेल्यावर व्हीआयए तितकी भरवशाची राहत नाही. ज्या सीमेवर हा आजार सुरू होतो ती सीमा आत सरकते, बाहेरून दिसत नाही. म्हणून गुरुवारी सिस्टरनी "नीट दिसत नाही" असं सांगितलं तर ते "काही नाही" असं समजून घरी येऊ नका. सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागात पॅप स्मिअर किंवा एचपीव्हीबद्दल विचारा. एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली की मोठा दिलासा असतो. काकूंनी सांगितलेल्या अभ्यासात एचपीव्ही निगेटिव्ह बायकांत पुढे वर्षाला लाखामागे ३.७ जणींना हा कॅन्सर झाला, पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह बायकांत साधारण १६ जणींना. या तपासणीचा नमुना बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते, त्यामुळे संकोच करणाऱ्यांची सोय होते.

तरी व्हीआयएला कमी लेखू नका. धाराशिवच्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू ठळकपणे कमी झाले नव्हते, पण मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या डॉक्टरांनी ती दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. करणाऱ्या साध्या शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बाया होत्या. म्हणजे ती पुन्हा पुन्हा व्हायला हवी. तुमच्या वयाला ती उत्तम.

अम्मांना पाळी गेल्यानंतर कधीही, थेंबभरही रक्त दिसलं तर गुरुवारची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.

लस: हो, द्या. ९ ते १४ हे सगळ्यात चांगलं वय, कारण लस संसर्गाच्या आधी लागते, झालेला संसर्ग ती घालवत नाही. या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात, लस त्यांना अडवते. पुण्याच्या सीरमची 'सर्वाव्हॅक' २०२२ मध्ये मंजूर झाली, तिचा हा फायदा की लस आता इथेच बनते.

यातही बार्शीचा वाटा आहे. २००९ मध्ये भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास सुरू झाला, त्यातलं एक केंद्र बार्शीला होतं. या लसीच्या दुसऱ्याच एका प्रकल्पावरून गदारोळ झाला आणि २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळालेला होता. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये कळलं की १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसचं संरक्षणही ९५ टक्क्यांच्या घरात आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत. किती डोस द्यायचे ते लस देणारे डॉक्टर सांगतील. लस घेतली तरी मुलीला तिशीनंतर तपासणी करावीच लागेल.

आणि हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो म्हणून कुणी नाक मुरडलं तर सांगा, बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. चारित्र्याशी याचा काडीचा संबंध नाही.

वैरागची_काकू

डॉक्टरताईंनी छान सांगितलं. हिरडीपाशी पांढरट दिसलंय ते गुरुवारी स्वतः दाखवा, कुणी विचारायची वाट बघू नका. सिव्हिलच्या दंत विभागातही दाखवता येईल.

मला अजून एक सांगायचंय, आणि माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. तपासणीने कुणी वाचत नाही, पुढच्या उपचाराने वाचतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त जीव टांगणीला लावायची ती पुढे बोलावूनही न आलेली बाई. सुगी आहे, लेकीचं बाळंतपण आहे, बरोबर यायला कुणी नाही, दवाखान्यात कुठल्या खिडकीवर जायचं ते ठाऊक नाही. आम्ही तिच्या दारात पुन्हा जायचो, जीपमध्ये शेजारणीला बरोबर घ्यायचो, सासूला समजवायचो. आज शिबिरं पुष्कळ होतात, फोटो निघतात, "इतक्या महिलांची तपासणी" म्हणून बातमी येते. त्यांतल्या कितीजणींना पुढे बोलावलं आणि कितीजणी पोचल्या, हे बातमीत नसतं. मला तोच आकडा हवा असतो.

म्हणून गुरुवारी घरी निघायच्या आधी सिस्टरना विचारा: काही निघालं तर कुठे जायचं, कोणत्या वारी, चिठ्ठी कोण देणार, आणि फोन कुणाच्या नंबरवर येणार. नंबर तुमचा द्या, अम्मांचा नको. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

आधार, रेशन कार्ड बरोबर घ्या. पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड यांत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, बार्शीच्या दवाखान्यात जायचं झालं तरी दाखल व्हायच्या आधीच तिथल्या, योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांना भेटा. अम्मांकडे विडी कामगाराचं सरकारी ओळखपत्र असेल तर तेही घ्या, कामगार कल्याणाकडून कॅन्सरच्या उपचारासाठी वेगळी मदत मिळते.

हजार विड्यांचं म्हणाल तर गुरुवारी सकाळी लवकर जा. पानं आदल्या रात्री कापून ठेवा, दुपारी तुम्ही दोघी मिळून वळा.

अक्कलकोट_रोड

ताई, अशोक चौकाकडे आमचे बरेच नातेवाईक आहेत, तिथल्या बायकाही कारखान्यातच माल द्यायला येतात. आशाताईंना विचारता का, माल घेण्याच्या दिवशी कारखान्याच्या आवारातच तोंडाची तपासणी ठेवता येईल का? टॉर्च आणि खुर्च्या मी आणतो.

कुंभारीची_लेक

दादा, विचारते. आमच्या आशाताई तेलुगू बोलतात, त्यांनी सांगितलं तर बायका ऐकतील. गुरुवारी आम्ही चौघी जातोय, मी, अम्मा, माझी जाऊ आणि त्या शेजारच्या मावशी. मावशी म्हणाल्या मी फक्त तोंड दाखवणार. म्हटलं चालेल, आधी तोंड तर दाखवा.